वाचकांचे प्रश्न : ‘फेबल’च्या पोटात नीती केव्हा शिरली?

प्रश्न : नीतिकथेला इंग्रजीत ‘फेबल’ म्हणतात असे आम्ही शिकलो. परंतु कोश उघडला की त्याच शब्दाखाली ‘दंतकथा’, ‘कपोलकल्पित गोष्ट’ आणि चक्क ‘थाप’ असेही अर्थ दिलेले दिसतात. सदाचार शिकवणारी कथा आणि खोटी गोष्ट या दोहोंना एकच शब्द असावा, हे चमत्कारिक वाटते. हा शब्द लॅटिनमधून आला असे म्हणतात. तेथे त्याचा मूळ अर्थ काय होता? नीतीचा अर्थ त्यात पहिल्यापासून होता का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नव्हता. आणि खोटेपणाचा अर्थही पहिल्यापासून नव्हता. ‘फेबल’ हा शब्द इंग्रजीला जुन्या फ्रेंचकडून मिळाला आणि फ्रेंचला तो लॅटिनमधील ‘फाबुला’ या शब्दापासून. या फाबुलाच्या मुळाशी ‘फारी’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘बोलणे’, एवढाच. त्याला जोडलेला ‘बुला’ हा प्रत्यय क्रियेचे साधन किंवा फळ दाखवतो. संस्कृतात नी धातूपासून नेत्र आणि शस् धातूपासून शस्त्र तयार होते, तशीच ही घडण आहे. तेव्हा फाबुला म्हणजे व्युत्पत्तीने पाहता ‘जे बोलले जाते ते’. ते खरे की खोटे, बोधप्रद की निरर्थक, याविषयी मूळ शब्द काहीच सुचवत नाही.

रोमन लोकांना ही व्युत्पत्ती ठाऊक होती. इ. स. पू. पहिल्या शतकातील व्हारो या पंडिताने लॅटिन भाषेवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात फारी या क्रियापदाचा विचार करताना त्याने म्हटले आहे की, मनुष्य तोंडाने पहिल्यांदा अर्थपूर्ण आवाज काढतो तेव्हा तो ‘बोलला’ असे म्हणतात, आणि तसा आवाज काढण्यापूर्वी मुलांना ‘इन्फान्स’, म्हणजे ‘न बोलणारा’, असे म्हटले जाते. इंग्रजीतील ‘इन्फंट’ हा शब्द त्यातूनच आला. त्याच विवेचनात व्हारोने फाबुला हा शब्दही फारीपासूनच सिद्ध केला आहे, मात्र उदाहरण म्हणून त्याने ईसापच्या कथांचे नाव घेतलेले नाही; त्याने शोकांतिका आणि सुखांतिका यांची नावे घेतली आहेत. त्याच्या काळच्या सुशिक्षित रोमन माणसाला फाबुला म्हटल्यावर प्रथम नाटक आठवत असे, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

त्याचे कारण रोमन रंगभूमीच्या इतिहासात आहे. इ. स. पू. २४० मध्ये लिव्हियस अँड्रोनिकस याने ग्रीक नमुन्यावरून रचलेले संहिताबद्ध नाटक रोममध्ये पहिल्यांदा सादर केले आणि तेव्हापासून रंगभूमीवरील कथानकाला, पर्यायाने नाटकालाच, फाबुला हे नाव रूढ झाले. पात्रांच्या वेशावरून त्याचे प्रकारही पडले. ग्रीक पद्धतीचा झगा घालून ग्रीक जीवन दाखवणारी ती ‘फाबुला पाल्लियाता’, रोमन टोगा घालून रोमन जीवन दाखवणारी ती ‘फाबुला तोगाता’, तर काम्पानिया प्रांतातील आतेल्ला या गावाच्या नावाने ओळखले जाणारे, ठरावीक मुखवट्यांचे ओबडधोबड प्रहसन ती ‘फाबुला आतेल्लाना’. यांपैकी कशातही नीती शिकवण्याची हमी नव्हती. आतेल्लानात तर नीतीची टिंगलच अधिक असे.

नाटकाच्या बाहेर, रोजच्या बोलण्यात, फाबुला म्हणजे गप्पा, कुजबुज, लोकांत उठलेली बोलवा. मराठीत वद् धातूपासून आलेला ‘वदंता’ हा शब्द जे काम करतो तेच काम हा शब्द तेथे करी. होरेस या कवीने आपल्या एका तरुणपणीच्या कवितेत फसलेल्या प्रेमाची आठवण काढताना ‘साऱ्या नगरात मी केवढी फाबुला होऊन बसलो’ असा विलाप केला आहे. तो कोणतीही कथा झाला नव्हता; तो लोकांच्या तोंडी झाला होता.

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे, म्हणजे खोटेपणाच्या अर्थाकडे वळू. तो अर्थ मुख्यतः वक्तृत्वशास्त्राच्या शाळेत पक्का झाला. इ. स. पू. पहिल्या शतकात हेरेन्नियस नावाच्या गृहस्थास उद्देशून लिहिलेला, कर्ता अज्ञात असलेला एक ग्रंथ आणि त्याच सुमारास सिसेरो या रोमन वक्त्याने तरुणपणी लिहिलेला वक्तृत्वावरील ग्रंथ, या दोहोंत कथनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे खरे नाही आणि खरे वाटण्याजोगेही नाही ते ‘फाबुला’. जे खरोखर घडले, परंतु आपल्या काळापासून दूर आहे ते ‘हिस्तोरिया’. आणि जे घडलेले नाही, परंतु घडू शकले असते ते ‘आर्गुमेंतुम’. सिसेरोने फाबुलाचे उदाहरण म्हणून पंख असलेले प्रचंड सर्प रथाला जुंपल्याची एका शोकांतिकेतील ओळ दिली आहे, आणि आर्गुमेंतुमचे उदाहरण टेरेन्सच्या एका सुखांतिकेतून घेतले आहे. वर्गीकरणाच्या सोयीसाठी केलेली ही व्याख्या पुढे शतकानुशतके विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली गेली, आणि ‘जे बोलले जाते’ या साध्या अर्थाच्या शब्दावर ‘जे केवळ बोललेच जाते, घडत मात्र नाही’ असा शिक्का बसला. सेव्हिलचा बिशप इसिदोर याने, ज्याचा मृत्यू इ. स. ६३६ मध्ये झाला, आपल्या शब्दव्युत्पत्तीच्या विश्वकोशात हे स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे : कवींनी फाबुला हे नाव बोलण्यावरून ठेवले, कारण त्या घडलेल्या गोष्टी नसून निव्वळ बोलून रचलेल्या गोष्टी असतात. व्हारोची व्युत्पत्ती आणि इसिदोरची व्युत्पत्ती एकच आहे. परंतु मधल्या सहा-सात शतकांत तिच्यात ‘निव्वळ’ हा एक शब्द शिरला, आणि सगळा फरक त्या एका शब्दाने केला.

नीतीचा अर्थ याच्या समांतर, वेगळ्या वाटेने आला. ग्रीकांकडे ईसापच्या नावावर चालणाऱ्या कथांसाठी ‘आयनोस’, ‘मिथोस’, ‘लोगोस’ असे निरनिराळे शब्द होते. लॅटिनमध्ये त्या कथा आल्या तेव्हा त्यांना स्वतंत्र नाव न मिळता फाबुला, आणि आकाराने लहान म्हणून ‘फाबेल्ला’, ही आधीचीच नावे मिळाली. क्विंटिलियन या शिक्षणतज्ज्ञाने इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिताना सांगितले आहे की, कोणी कोणी अशा कथेसाठी ‘आपोलोगातियो’ असा नवा लॅटिन शब्द वापरून पाहिला, पण तो रूढ झाला नाही. रूढ झाला असता तर कदाचित आपला हा प्रश्नच उद्भवला नसता.

क्विंटिलियनचे या कथांविषयीचे मत दुहेरी आहे. दाईने सांगितलेल्या गोष्टींच्या मागोमाग मुलांनी ईसापच्या कथा शिकाव्यात, त्या शुद्ध आणि साध्या भाषेत स्वतः सांगाव्यात, मग लिहून काढाव्यात, अशी अभ्यासाची रीत तो घालून देतो. परंतु प्रौढांच्या सभेतील त्यांच्या उपयोगाविषयी बोलताना मात्र, अशा कथा विशेषतः खेडवळ आणि अडाणी लोकांची मने ओढून घेतात, असा शेरा मारतो. त्याने दिलेले उदाहरण मात्र त्याच्याच शेऱ्यावर मात करणारे आहे. इ. स. पू. ४९४ मध्ये रोमचे सामान्यजन सरदारवर्गावर रुसून शहर सोडून गेले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा याने त्यांना हात, तोंड, दात हे अवयव पोटावर रुसून बसल्याची आणि अखेरीस स्वतःच दुबळे झाल्याची कथा सांगून परत आणले, अशी परंपरा आहे. लिव्ही या इतिहासकारानेही ती नोंदवली आहे. राज्याचा पेच सोडवण्याचे श्रेय ज्या कथेला दिले गेले, तिचे स्थान केवळ अडाण्यांच्या मनोरंजनापुरते कसे मानायचे?

नीतिकथा या अर्थाने फाबुला शब्दाला खरी प्रतिष्ठा दिली ती फीड्रसने. हस्तलिखितांतील शीर्षकानुसार हा सम्राट ऑगस्टसने मुक्त केलेला गुलाम होता. त्याने इ. स. पहिल्या शतकात ईसापच्या कथा लॅटिन पद्यात पाच भागांत रचल्या. पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की, या पुस्तकाचे देणे दुहेरी आहे : ते हसवते आणि शहाणपणाचा सल्ला देऊन जगण्याला सावध करते, पशूच काय, झाडेही बोलतात म्हणून कोणी नावे ठेवील, तर आपण रचलेल्या कथांनी गंमत करत आहोत हे त्याने ध्यानात ठेवावे. म्हणजे ‘रचलेली’ आणि ‘शहाणी’ या दोन्ही गोष्टी त्याने एकाच दमात कबूल केल्या आहेत.

त्याची पहिलीच कथा लांडगा आणि कोकरू यांची आहे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. दोघेही तहानेने एकाच ओढ्यावर आले आहेत. लांडगा वरच्या अंगाला आहे, कोकरू बरेच खाली. लांडगा म्हणतो, ‘मी पीत असलेले पाणी तू गढूळ का केलेस?’ कोकरू म्हणते, ‘पाणी तुझ्याकडून माझ्याकडे वाहते, मी ते गढूळ कसे करीन?’ या सत्यापुढे निरुत्तर झालेला लांडगा दुसरा आरोप करतो : ‘सहा महिन्यांपूर्वी तू माझ्याविषयी वाईट बोललास.’ कोकरू म्हणते, ‘तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.’ ‘मग तुझा बाप बोलला असेल,’ असे म्हणून लांडगा त्याला फाडून खातो. शेवटच्या दोन ओळींत फीड्रस सांगतो की, खोटी कारणे रचून निरपराधांना चिरडणाऱ्या माणसांसाठी ही फाबुला लिहिली आहे. येथे ‘रचलेले’ या अर्थाचा एकच लॅटिन शब्द त्याने लांडग्याच्या कारणांसाठी वापरला आहे, आणि प्रस्तावनेत तोच स्वतःच्या कथांसाठीही वापरला आहे. माझ्या मते हा योगायोग नसावा. लांडग्याचे बनाव आणि कवीचे बनाव यांतला भेद वाचकाने ओळखावा, हीच त्याची अपेक्षा असावी.

तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत तो आणखी पुढे जातो. हा कथाप्रकार का निर्माण झाला, याचे उत्तर तो असे देतो की, शिक्षेच्या भयाखाली जगणाऱ्या गुलामाला जे बोलायचे असे ते बोलण्याची छाती होत नसे, म्हणून त्याने आपल्या मनातील भाव छोट्या कथांत घातले. ‘बोलणे’ या धातूपासून निघालेला शब्द उघडपणे बोलता न येणाऱ्या गोष्टींचे नाव झाला, तो असा. फीड्रसला स्वतःलाही याचा अनुभव आला. तिबेरियस सम्राटाचा शक्तिमान अधिकारी सेयानुस हाच आपला फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश होता, अशी तक्रार त्याने त्याच प्रस्तावनेत केली आहे.

तेव्हा आपल्याला कोशात जे दोन परस्परविरोधी अर्थ दिसतात ते एकाच शब्दाच्या दोन स्वतंत्र कारकिर्दी आहेत. एक वक्तृत्वाच्या पाठशाळेतील, दुसरी ईसापच्या परंपरेतील. त्या दोहोंचा मेळ घालणारी सर्वांत नेटकी व्याख्या लॅटिनमध्ये नसून ग्रीकमध्ये आहे. थिओन या वक्तृत्वाच्या शिक्षकाने अशा कथेचे वर्णन ‘सत्याचे चित्र उभे करणारे असत्य कथन’ असे केले आहे.

प्रश्न : ‘फॅब्रिकेट’ म्हणजे बनावट रचणे, या शब्दाचाही ‘फेबल’शी संबंध असावा असे वाटते. तो बरोबर आहे का? याच कुळातील आणखी कोणते शब्द आपल्या परिचयाचे आहेत?

उत्तर : संबंध नाही. ‘फॅब्रिकेट’ आणि ‘फॅब्रिक’ हे शब्द लॅटिन ‘फाबेर’पासून, म्हणजे लोहार, सुतार अशा कारागिरासाठी असलेल्या शब्दापासून आले आहेत. अर्थ जवळ आले आणि उच्चारही सारखे वाटले, म्हणून गफलत होते. लॅटिनमध्ये ‘फाबा’ असाही एक शब्द आहे; तो शेंगेतील दाण्याचा वाचक असून त्याचाही येथे काही संबंध नाही.

खऱ्या नातलगांची यादी मात्र मोठी आहे, आणि तीत काही अनपेक्षित मंडळी आहेत. ‘फातुम’ म्हणजे ‘जे बोलले गेले आहे ते’, देवाने उच्चारलेला निर्णय. त्याचे इंग्रजीत ‘फेट’, म्हणजे नियती, झाले. त्याचे अनेकवचन ‘फाता’ हे पुढे नियतीच्या देवींचे नाव बनले, फ्रेंचमध्ये त्याचे रूप झिजले आणि त्यातून ‘फेअरी’, म्हणजे परी, जन्माला आली. तेव्हा ‘फेबल’ आणि ‘फेअरी टेल’ ही नावे परस्परांची चुलत भावंडे आहेत. ‘फामा’, म्हणजे लोकांत चालणारे बोलणे, त्यापासून ‘फेम’. आधी बोलणे म्हणजे ‘प्रिफेस’. सर्वांसमक्ष उघड बोलणारा, जाहीर करणारा म्हणून ‘प्रोफेसर’, आणि कबूल करणे म्हणून ‘कन्फेशन’. न बोलणाऱ्या ‘इन्फान्स’पासून इटालियन भाषेत ‘इन्फान्ते’, म्हणजे पोरगा, आणि मग पायी लढणारा पोरसवदा शिपाई असा अर्थ झाला, त्यावरून पायदळाला ‘इन्फन्ट्री’ हे नाव पडले. ‘फॅब्युलस’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘दंतकथेत शोभेल असा’. आज तो कशालाही लावला जातो, आणि त्यातील दंतकथा कोणालाच आठवत नाही.

प्रश्न : ‘फेबल’ आणि ‘पॅरेबल’ या दोन्ही शब्दांचे भाषांतर आम्ही ‘बोधकथा’ असेच करतो. त्यांत मूळचा काही फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि तो जपण्यासारखा आहे. ‘पॅरेबल’ हा शब्द लॅटिन ‘पाराबोला’पासून आला असला तरी तो मुळात ग्रीक आहे. ‘पारा’ म्हणजे शेजारी आणि ‘बाल्लेइन’ म्हणजे टाकणे. एका गोष्टीशेजारी दुसरी ठेवून केलेली तुलना ती ‘पाराबोले’. गणितातील ‘पॅराबोला’, म्हणजे अन्वस्त, हाही तोच शब्द आहे. अॅरिस्टॉटलने वक्तृत्वावरील ग्रंथात पाराबोले आणि ईसापसारखी कथा हे दाखल्यांचे दोन वेगवेगळे प्रकार मानले आहेत. अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडणे म्हणजे मल्ल चिठ्ठ्या टाकून निवडण्यासारखे आहे, ही त्याची पाराबोले. तीत कथा नाही, केवळ साम्य आहे. दुसऱ्या प्रकारासाठी तो स्तेसिखोरोस या कवीने हिमेराच्या लोकांना सांगितलेली घोड्याची कथा देतो. हरणाचा सूड घेण्यासाठी घोड्याने माणसाची मदत मागितली, तोंडात लगाम घालून घेतला, माणसाला पाठीवर बसवले, आणि सूड मिळण्याऐवजी तो कायमचा गुलाम झाला. तुम्हीही हुकूमशहाला अंगरक्षक द्याल तर तुमचे तेच होईल, असे त्या कवीला सांगायचे होते.

दोन शब्दांची प्रतिष्ठा वेगळी झाली ती लॅटिन बायबलमुळे. येशूने सांगितलेल्या कथांसाठी तेथे पाराबोला हा शब्द आला, तर फाबुला हा शब्द निंदेसाठी राखला गेला. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्खपणाच्या आणि म्हाताऱ्या बायकांच्या फाबुला टाळण्याचा उपदेश आहे. मराठीत आपण तुच्छतेने ‘आजीबाईच्या गोष्टी’ म्हणतो, तीच ही छटा. गंमत अशी की, होरेसने शहरातला उंदीर आणि रानातला उंदीर यांची कथा सांगताना तिला नेमके हेच विशेषण, म्हणजे म्हाताऱ्या बायकांची फाबेल्ला, अगदी मायेने लावले आहे, आणि ती कथा लॅटिन काव्यातील उत्तम रचनांपैकी एक ठरली आहे.

ढोबळमानाने सांगायचे तर, पशू, झाडे, अवयव बोलतात, म्हणजे जी घडणे शक्यच नाही, ती फेबल. आणि पेरणारा, मेंढपाळ, वाट चुकलेला मुलगा अशी नेहमीची माणसे नेहमीच्या जगात वावरतात ती पॅरेबल. हा नियम पोलादी नाही. बायबलमध्येच शास्त्यांच्या पुस्तकात झाडे आपल्यासाठी राजा निवडू पाहतात अशी कथा आहे आणि ती पूर्णपणे ईसापच्या धर्तीची आहे. उलट ईसापच्या नावावरील कित्येक कथांत एकही प्राणी नाही. भाषांतरापुरते म्हणाल तर, पॅरेबलसाठी ‘दृष्टांत’ हा शब्द चक्रधरस्वामींपासून मराठीच्या ओळखीचा आहे आणि तो ‘शेजारी ठेवून दाखवणे’ या मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. फेबलसाठी ‘नीतिकथा’ चालेल, आणि प्राणी असतील तेथे ‘प्राणिकथा’ अधिक नेमके.

या दोन शब्दांची आणखी एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. अभिजात लॅटिनमध्ये ‘बोलणे’ यासाठी ‘लोक्वी’ हे नेहमीचे क्रियापद होते. लॅटिनपासून नव्या भाषा निपजल्या तेव्हा ते लोप पावले, आणि त्याची जागा कथांच्या नावांवरून तयार झालेल्या क्रियापदांनी घेतली. फाबुलापासून झालेल्या ‘फाबुलारी’, म्हणजे गप्पा मारणे, याचे पोर्तुगीजमध्ये ‘फालार’ झाले आणि स्पॅनिशमध्ये ‘आब्लार’. स्पॅनिशमध्ये शब्दारंभीच्या ‘फ’चा ‘ह’ होऊन तो पुढे मुका झाला, तो नियम येथेही लागला. दुसरीकडे पाराबोलापासून झालेल्या ‘पाराबोलारे’चे फ्रेंचमध्ये ‘पार्ले’ आणि इटालियनमध्ये ‘पार्लारे’ झाले. ‘पार्लमेंट’ हा शब्द त्या फ्रेंच क्रियापदाचाच वंशज आहे. माद्रिदचा माणूस बोलतो तेव्हा व्युत्पत्तीने तो नीतिकथा सांगत असतो आणि पॅरिसचा माणूस दृष्टांत देत असतो. प्रत्यक्षात दोघेही बहुधा हवापाण्याविषयीच बोलत असतात.

प्रश्न : लॅटिन ‘फारी’ या धातूचे संस्कृतात किंवा मराठीत कोणी नातलग आहे का?

उत्तर : संस्कृतातील शब्दारंभीचा ‘भ’ आणि लॅटिनमधील ‘फ’ हे एकाच मूळ ध्वनीचे दोन वारस आहेत, भ्रातृ आणि ‘फ्रातेर’, भरामि आणि ‘फेरो’ या जोड्या त्याची साक्ष देतात. त्याच न्यायाने फारी, ग्रीक ‘फेमी’, म्हणजे ‘मी म्हणतो’, आणि संस्कृत भण् धातू यांना तौलनिक कोशांत एकत्र ठेवण्याची प्रथा आहे. या भण् धातूचे प्राकृतात ‘भणइ’ आणि मराठीत ‘म्हणणे’ झाले. पुढच्या अनुनासिकाच्या प्रभावाने ‘भ’चा ‘म्ह’ झाला. तेव्हा आपले ‘म्हणणे’ हे फाबुलाचे दूरचे नातलग ठरते.

त्याहून रंजक भाग पुढेच आहे. म्हणणे या क्रियापदापासून मराठीने ‘म्हण’ हे नाम घडवले : जे म्हटले जाते ते, आणि तरीही कोणतेही म्हटलेले नव्हे, तर शहाणपण साठवलेले म्हटलेले. लॅटिनने फारीपासून फाबुला घडवताना केला तोच हा प्रवास आहे, आणि तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे झाला आहे. भण् धातूपासून संस्कृत नाट्यशास्त्राने ‘भाण’ हे एकपात्री नाट्यप्रकाराचे नाव घेतले, म्हणजे नाटकाचा अर्थही दोन्हीकडे उगवला. आणि ऐकीव गोष्टीविषयी शंका दाखवण्यासाठी आपण ‘म्हणे’ हा शब्द वाक्याच्या शेवटी टाकतो : ‘तो राजीनामा देणार आहे म्हणे.’ फाबुलाला चिकटलेला अविश्वास मराठीत त्या एका अव्ययात मावला आहे.

प्रश्न : कथेच्या शेवटच्या तात्पर्याला ‘मॉरल’ म्हणतात. तोही शब्द लॅटिनच ना?

उत्तर : होय, आणि त्याचा निर्माता माहीत आहे. ‘मोस’ म्हणजे रीत, चाल. त्याचे अनेकवचन ‘मोरेस’ म्हणजे वागणूक, स्वभाव. ग्रीक ‘एथिकोस’ या शब्दाला लॅटिन प्रतिशब्द हवा म्हणून सिसेरोने नियतीवरील आपल्या ग्रंथाच्या आरंभी ‘मोरालिस’ हा शब्द सुचवला, आणि लॅटिन भाषा समृद्ध करू पाहणाऱ्याला असे नाव ठेवणे शोभून दिसेल, असे समर्थनही दिले. कथेपूर्वी येणाऱ्या तात्पर्याला ग्रीकमध्ये ‘प्रोमिथियोन’ आणि नंतर येणाऱ्याला ‘एपिमिथियोन’ म्हणत; फीड्रसने दोन्ही वापरली आहेत. तात्पर्य कथेच्या अंगी असते, की संग्राहक ते बाहेरून शिवतो, हा वाद जुना आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण एकाच कथेला निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळी तात्पर्ये जोडलेली आढळतात. होरेसने तर ते वाचकावरच सोडले. ओठांना लागताच दूर पळणाऱ्या पाण्यासाठी तळमळणाऱ्या टँटॅलसची गोष्ट कंजूष श्रीमंताला सांगता सांगता तो थबकून विचारतो : ‘हसतोस काय? नाव बदल, म्हणजे ही फाबुला तुझीच आहे.’

प्रश्न : ‘लुपुस इन फाबुला’ हा लॅटिन वाक्प्रचार एका लेखात वाचला. शब्दशः अर्थ ‘कथेतील लांडगा’ असा होतो, परंतु लेखात लांडगाही नव्हता आणि कथाही नव्हती. याचा अर्थ काय?

उत्तर : ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तोच अचानक समोर उभा राहिला, तर हा वाक्प्रचार वापरतात. मराठीत अशा वेळी आपण ‘शंभर वर्षे आयुष्य आहे’ असे म्हणून आलेल्याचे स्वागत करतो. रोमन माणूस त्याला लांडगा म्हणे. टेरेन्सच्या इ. स. पू. १६० मध्ये सादर झालेल्या एका सुखांतिकेत तो आलेला आहे. येथील फाबुला म्हणजे ईसापची कथा, की केवळ चाललेले बोलणे, याविषयी प्राचीन टीकाकारांतही मतभेद होता; दुसऱ्या अर्थाने वाक्प्रचार अधिक सरळ लागतो, असे मला वाटते. सिसेरोच्या एका पत्रातील उपयोग पाहिला की ते पटते. इ. स. पू. ४५ मध्ये आपला मित्र अॅटिकस याला लिहिताना तो म्हणतो की, आम्ही व्हारोविषयी बोलत होतो, आणि ‘लुपुस इन फाबुला’, तो स्वतःच दारात हजर. शिवाय अशा वेळी आला की, त्याला मुक्कामाला ठेवून घेणे भागच होते.